आकाश समजून वजा केलेले

विश्रांतवाडी, पुणे
१४ नोव्हेंबर २०२४

प्रिय अनिरुद्धदादा,

सप्रेम जयभीम.

आम्ही इकडे बरे आहोत, असं लिहायची पद्धत आहे.

बाबा गेल्याचा निरोप नागोरावकाकांनी तुला दिला. फोन तू उचलत नाहीस, म्हणून स्पीड पोस्टाने हे. जलदानविधी चोवीस तारखेला, रविवारी, घरीच आहे. तू येणार का, असं आई विचारते.

मी कामावर जाते. रडू आलं नाही. येईल, असं सगळे म्हणतात.

कामाचं सांगते. एका दीर्घिकेच्या मध्यातून वायूचे दोन लोट बाहेर पडताना सापडले. तिथलं कृष्णविवर ते फेकतं. दीर्घिकेहून मोठे लोट. आमच्याच जुन्या चित्रांत होते. पण चित्रातून आकाशाचा मंद उजेड वजा करावा लागतो, आणि लोट इतके पसरट की संगणकाने त्यांनाही आकाशच धरलं. ओवी म्हणून एक विद्यार्थिनी आहे, तिला त्या वजाबाकीची शंका आली.

आईला मोबाइलवर चित्र दाखवलं. ती तांदूळ निवडत होती.

"एवढं मोठं! आणि तुम्हाला दिसलं नाही?"

"वजा केलं होतं."

"शाब्बास. पगार याचाच देतात होय?"

मग थोड्या वेळाने, "गेलेला वायू परत येतो का गं?"

"वेग कमी पडला तर येतो. मध्याची ओढ असते."

"आणि नाही पडला तर?"

"जातो. मग तिथे नवे तारे होत नाहीत. जुने राहतात."

"किती वेग लागतो?"

मी आकडा सांगितला. तिने मान हलवली आणि एक खडा बाजूला काढला.

सरकारी नोकरी सोडून तू कोचीला निघालास, तेव्हा बाबा म्हणाले होते, या घरात पुन्हा पाय ठेवू नकोस. असं म्हणणारं आता कुणी नाही.

मला चिलीतल्या एका वेधशाळेत जागा मिळाली आहे. जानेवारीत जायचं. आईला सांगितलेलं नाही. तू येऊन दोन दिवस राहिलास, तर तुझ्यासमोर सांगता येईल. नाही आलास, तर त्यांना नकार कळवेन. ही धमकी नाही. धमकीला राग लागतो, तो सापडत नाही.

काल संध्याकाळी घरी आले तर माझी मोठी बॅग माळ्यावरून खाली काढलेली, पुसून गॅलरीत उघडी ठेवलेली.

"हे काय?"

"वास मारत होती. तिकडे थंडी असते का गं?"

मी म्हटलं, असते. ती स्वयंपाकघरात गेली, कुकर लावला.

येणार नसशील, तर तसं कळवू नकोस. रविवारपर्यंत तिला वाट पाहू दे.

तुझी, अजून इथे असलेली,
आम्रपाली