ईश्वरी अडखळून वाचते तेव्हा

अहो,

वर्षश्राद्धाला लिहिलं नाही, आज लिहितेय. जे बोलायचंय ते या घरात कुणापाशी बोलता येत नाही. आणि हे घर सोडून मला जायला दुसरी जागा आहे तरी कुठे?

आपली ईश्वरी पहिलीत गेली. बाराखडीच्या आधीच ती वाचायला लागली होती, ते तुम्ही पाहिलंत. जामखेडच्या स्टँडवर तुमच्या खांद्यावर बसून तिनं एसटीच्या पाट्या वाचल्या, तर तुम्ही अनोळखी माणसांना सांगत सुटलात, "माझी लेक हाय ही!" आता ती चौथीचं पुस्तक घडाघडा वाचते, वर मलाच अर्थ सांगते. वर्गात मात्र अजून 'क कमळाचा' चाललाय. पोर जांभया देत बसते.

आणि पहिलीच्या बाई कोण? तुमच्या वहिनी, माझ्या जाऊबाई! शाळेत तक्रार केली तरी संध्याकाळी त्यांच्याच शेजारी बसून भाकरी थापायच्या.

म्हणून आधी घरीच विषय काढला. म्हटलं, वाचनाच्या तासाला तिला चौथीत बसू द्या, नाहीतर गोष्टीचं पुस्तक तरी हातात द्या. जाऊबाई म्हणाल्या, "घरच्या पोरीला म्होरं काढलं तर गाव काय म्हणंल? बाकीच्या आयांना तोंड मला द्यायचंय." त्यांचंही काही खोटं नाही. भांडखोर असत्या तर निदान भांडता तरी आलं असतं.

शेवटी आज मोठ्या गुरुजींकडे गेले. जाऊबाई तिथंच उभ्या. गुरुजींनी चौथीचं पुस्तक उघडून ईश्वरीपुढे धरलं. तिनं एकदा जाऊबाईंकडे पाहिलं, एकदा माझ्याकडे, आणि बोट ठेवून एकेक अक्षर लावत बसली. दोन ओळीही धड झाल्या नाहीत. गुरुजी हसून म्हणाले, प्रत्येक आईला आपलं लेकरू हुशारच वाटतं. मी ईश्वरीचा हात धरून बाहेर पडले.

वाटेत विचारलं, असं का केलंस गं? तर म्हणते, "मला येतंय की. पन मोठी आई रडली असती. मग तुमी दोघी बोलल्याच नसत्या."

सहा वर्षांची पोर हो ती! रागावू नका, पण ही खोड तिनं तुमचीच उचलली. थोरल्या भावापुढे, दादांपुढे, तुम्हीही असेच गिळून बसायचात आणि आम्ही त्याला समंजसपणा म्हणायचो. तेव्हा बोलला असतात तर आज मला इतकं जड गेलं असतं का?

उद्या मी जाऊबाईंना समोर बसवून सांगणार आहे, की ईश्वरीला सगळं वाचता येतं आणि ती तुमच्यासाठी अडखळते. त्या रडतील, दादा चिडतील, चूलही वेगळी होईल कदाचित. मला भीती वाटतेय, खूप वाटतेय. पण लेकरानं येत असलेलं विसरून दाखवावं, तेव्हाच या घरात शांतता नांदणार असेल, तर ती शांतता मी मोडीन. हा माझा तुम्हाला शब्द.

तुमचीच,
सुनंदा