पाहुणीला घरी आणताना

३ मार्च

ती. ताईस,
सा. न. वि. वि. (आज विनंती काहीच नाही, नुसती बातमी आहे.)

मुलगी झाली, हे तुला कळलंच आहे. काल पहाटे फोनवर मी ‘झाली, झाली’ एवढंच म्हणून फोन ठेवून दिला, म्हणून तू चिडली असशील. पण फोन कानाला लावला की माझी वाचा बसते, हे तुझ्याशिवाय कोणाला माहीत असणार! म्हणून हे पत्र.

वजन दोन किलो आठशे ग्रॅम. डोकंभर केस. तुझी वहिनी ठणठणीत आहे. टाके दुखतात म्हणते, पण तोंडाला टाके नसल्यामुळे वॉर्डातल्या सगळ्या बायकांचे चष्म्याचे नंबर तिने पडल्या पडल्या विचारून घेतलेत. चष्म्याच्या दुकानातली नोकरी सुट्टीतसुद्धा सुटत नाही बघ.

आता महत्त्वाचं. पाहुणीला घरी कसं आणायचं? गाडी आपल्याकडे नाही. हॉस्पिटल कालव्याच्या पलीकडे. पायपुलावरून चालत आलं तर बारा मिनिटं, पण गाडीला मोठ्या पुलावरून वळसा, आणि तिथे पाण्याच्या नळासाठी अख्खा रस्ता खणून ठेवलाय. समोरचा टॅक्सीवाला फुकट नेतो म्हणाला. तो गाडी चालवत नाही, उडवतो. त्याला मी हात जोडले. शेवटी आमच्या काचेच्या दुकानाचा टेम्पो मालकांनी देऊ केला. मी दोनदा त्या रस्त्याने जाऊन आलो. सत्तेचाळीस खड्डे आहेत, त्यातले नऊ मोठे. कुठला डावीकडून घ्यायचा, कुठला उजवीकडून, हे मी एका पुठ्ठ्यावर काढून ठेवलंय. तुझी वहिनी मांडीवर बाळ घेऊन बसेल, मी टेम्पो चालवीन. आमच्या मिस्त्रींना सांगितलंय की केबिन आतून नीट बांधून घ्या, एकही धक्का लागता कामा नये.

तुझा पाय कसा आहे? प्लॅस्टर ओलं करू नकोस.

लोभ आहे तेवढा असू दे, ओरडणं थोडं कमी कर.
तुझा धाकटा

५ मार्च

चि. धाकट्यास,
अ. उ. आ., आणि त्यातले निम्मे तुझ्या लेकीला काढून दे.

पत्र वाचलं. शाळेच्या ग्रंथालयात कपाटावर चढून पाय मोडून घेणाऱ्या बाईला दिवसभर दुसरं काम काय? तीनदा वाचलं. आत्या झाल्याच्या आनंदात शेजारपाजारच्यांनाही वाचून दाखवलं आणि सत्तेचाळीस खड्ड्यांपाशी सगळे हसून हसून बेजार झाले.

पण मग मी एकटीने चौथ्यांदा वाचलं. अरे, दीड पान खड्डे आणि बाळाला अडीच ओळी! केस किती ते लिहिलंस, वजन लिहिलंस, आणि वजन काट्यावरचं लिहिलंस. हाताला कशी लागते ते कुठे आहे? मऊ आहे का, गरम आहे का, डोकं कोपरात मावतं का? तू तिला घेतलीस ना? मला सरळ उत्तर दे. इकडचं तिकडचं लिहून पान भरशील तर मी प्लॅस्टरसकट तिकडे येईन.

आणि टेम्पो तू का चालवणार? तुमच्या दुकानाला ड्रायव्हर आहे ना? पहिल्यांदा लेक घरी येतेय आणि बाप स्टेअरिंग धरून बसणार, हे काही माझ्या गळी उतरत नाही.

मी येऊ शकत नाही याचं मला किती वाईट वाटतंय ते लिहीत नाही, कागद भिजेल. वहिनीला सांग, पडून राहा. ऐकणार नाही, तरी सांग.

माया तुझ्यावर होतीच, आता तिची विभागणी झाली आहे, कळावे.
तुझी ताई

७ मार्च

ती. ताईस,
सा. न. वि. वि.

तुझ्यापासून काही लपत नाही. नाही घेतली. आज सहावा दिवस.

कावीळ थोडी वाढली म्हणून तिला निळ्या दिव्याखाली ठेवलंय. काळजीचं काही नाही, बहुतेक बाळांना होते म्हणतात. बारा तारखेला सोडतील. दूध पाजायला बाहेर काढतात तेव्हा सिस्टर माझ्यापुढे धरते, आणि मी दोन्ही हात खिशात घालतो. एकदा म्हणालो सर्दी आहे. एकदा म्हणालो हात धुवायचेत, आणि धुवायला गेलो तो दुकानातच पोहोचलो. तुझी वहिनी काही बोलली नाही. ती बोलत नाही म्हणजे काय ते तुला ठाऊक आहे.

हसू नकोस. पंधरा वर्षं मी काच उचलतोय. लोकांना वाटतं काच जिन्यात फुटते, वाऱ्याने फुटते. तसं नसतं गं. काच फुटते ती हात बदलताना. एकाने सोडलेली नसते, दुसऱ्याला वाटतं सोडली. किंवा उलट. गेल्याच महिन्यात एक पुरुषभर उंचीचा आरसा असाच गेला माझ्या हातून. चार मजले चढवून नेला आणि दारात, देताना गेला. मालकांनी पैसेही कापले नाहीत. मीच दोन दिवस जेवलो नाही.

आणि ही तर केवढीशी! मान धरावी तर पाय लोंबतात, पाय धरावेत तर मान. माझे हात तुला माहीत आहेत, सालपटं निघालेले, चिरा पडलेले. लांबूनच बघतो. काचेला नाक लावून बघतो, मला तेवढंच जमतं. मला ती फार आवडते, ताई. इतकी, की तिला माझ्या हातात द्यावंसं वाटत नाही. म्हणून टेम्पो मी चालवणार होतो.

हे कोणाला सांगू नकोस.

लोभ आहेच, त्यात या वेळी थोडी दयाही मिसळ.
धाकटा

९ मार्च

चि. सौ. वहिनीस,
अ. उ. आ., आणि एक कारस्थान.

हे पत्र मुद्दाम हॉस्पिटलच्या पत्त्यावर पाठवते आहे. वाचून झालं की उशीखाली. आपला माणूस लेकीला हातात घेत नाही, हे तुला माझ्याआधी समजलं असणार. मला त्याने कारण लिहिलं आहे, आणि कोणाला सांगू नकोस असंही लिहिलं आहे. तू काही कोणीतरी नाहीस, म्हणून सांगते. त्याला देताघेताना भीती वाटते. एकदा हातात आली की तो सोडणार नाही, पण ती हातात यायची कशी, तिथे त्याचं घोडं अडलंय.

त्याला समजावायच्या फंदात पडू नकोस. लहानपणापासून समजावलं की त्याचं आणखी बिनसतं. रागावूही नकोस, तो खिन्न होतो आणि भांडी घासत बसतो. त्याला काम सांगायचं असतं. मदत म्हणून नव्हे, दुसरा माणूसच नाही म्हणून. मग तो डोंगरही उचलेल. तसा प्रसंग कसा आणायचा ते मला इथे खाटेवर बसून सुचत नाही. तू तिथे आहेस आणि माझ्यापेक्षा हुशार आहेस.

तो जन्मून घरी आला तेव्हा आई आजारी होती. मी अकरा वर्षांची होते. तो पहिल्या दिवसापासून माझ्याच कडेवर वाढला, म्हणून हा आगाऊपणा. तो चांगला बाप होईल गं. त्याला ते अजून कोणी कळू दिलेलं नाही, एवढंच.

तुझ्या लेकीच्या आत्याची माया तुला व्याजासकट पोहोचो.
ताई

१३ मार्च

ती. वन्संना,
शिरसाष्टांग नमस्कार (टाके आहेत म्हणून बसूनच).

आम्ही काल घरी आलो. तुम्हाला आधी गंमत सांगते, मग कबुली देते.

सकाळी दहाला टेम्पो दाराशी. मी बॅग घेऊन हळूहळू बाहेर आले आणि बघतच राहिले. यांनी मिस्त्रींना केबिन नीट बांधायला सांगितली होती ना? मिस्त्रींनी आयुष्यात एकच गोष्ट बांधलेली आहे, ती म्हणजे आरसा. त्यांनी बाळाच्या मापाचं लाकडी खोकं बनवलं होतं, आत जाड स्पंज, चारी कोपऱ्यांना पुठ्ठा, भोवती घोंगड्या, वरून दोऱ्यांचं जाळं, आणि खोकं सीटला स्क्रूने पक्कं बसवलेलं. वरची बाजू दाखवणारा बाणसुद्धा काढला होता. झाकण केलं नव्हतं, हे आमचं नशीब. सिस्टरने ते पाहिलं आणि कमरेवर हात ठेवून सुनावलं की बाळ पेटीत जाणार नाही, माणसाच्या हातात जाईल. स्क्रू काढायला तासभर लागणार. मिस्त्रींचा चेहरा इतका पडला की मला रडू येईना आणि हसू आवरेना.

यांनी टेम्पो चालवायचा बेत तुमच्या पत्रानंतर मुकाट्याने सोडला होता, ड्रायव्हर आलेला होता. त्याच्या शेजारी खोकं, आणि खोक्यापलीकडे एका माणसाची जागा. मी तिथे बसून पाहिलं आणि जाहीर केलं की बाळाला घेऊन इथे बसणं शक्य नाही, कोपर लागतं. मला पूल चढवत नाही. तेव्हा मी टेम्पोतून वळसा घालून येते, आणि तुम्ही हिला घेऊन पुलावरून या, दुसरं कोणी नाही. यांनी मिस्त्रींकडे पाहिलं. मिस्त्री म्हणाले की ते लहान मालाला हात लावत नाहीत. यांनी सिस्टरकडे पाहिलं, तर तिने बाळ यांच्या हातावर ठेवून दिलं आणि ती वळून आत निघून गेली.

कबुली अशी की वन्सं, तिथे दोन बाळं घेऊनही मी आरामात बसले असते.

टेम्पो वळला तसा माझा जीव नुसता वरखाली होत होता. सत्तेचाळीस खड्डे मी मोजले नाहीत, प्रत्येकाला नावं ठेवली. आपण हे काय करून बसलो, असं सारखं वाटत होतं. चाळीस मिनिटांनी घरी पोहोचले तर हे खुर्चीत बसलेले, अंगात कोट तसाच, पायांत बूट तसेच. खालच्या मजल्यावरच्या काकू म्हणाल्या की अर्धा तास झाला, बाळाला कोणाला हात लावू देत नाहीयेत. मी हात पुढे केले. हे म्हणाले, थोडं थांब. पाजायची वेळ टळून गेली तेव्हा कुठे मला माझी मुलगी मिळाली. मिळाली तीही हळूच, तिच्या पाठीखाली माझा हात नीट गेला की नाही हे दोनदा विचारून.

माझी आई पंधरा दिवसांनी येणार आहे. तुमचा पाय बरा झाला की तुम्हीही या. तोपर्यंत बाळ मोकळं सापडेल अशी खात्री देत नाही.

लोभ आहे तो वाढत राहो, आणि कारस्थानंही.
तुमची भावजय

१४ मार्च

ती. ताईस,
सा. न. वि. वि.

तुम्हा दोघींचं काय शिजलं होतं ते उशीखालच्या पत्रावरून समजलं. मी रागावलो नाही. रागवायला वेळ झाला नाही.

पुलाची हकीकत तुला माझ्याकडूनच कळायला हवी. सिस्टरने तिला माझ्या हातावर ठेवलं आणि पाठ फिरवली. पहिली दहा पावलं मी श्वास घेतला की नाही आठवत नाही. मिस्त्री मागे छत्री धरून. पुलावर ही गर्दी, सायकली, भाजीच्या पाट्या. आणि ताई, पंधरा वर्षांची सवय, माझ्या तोंडून आपोआप निघालं. मी मोठ्याने काच, काच असं ओरडलो.

आणि लोक बाजूला झाले की! दोन्हीकडचे कठड्याला चिकटले. पोस्टमन सायकलवरून उतरला. शाळेच्या मुली एका रांगेत उभ्या राहिल्या. सगळे माझ्या हातांत काच शोधत होते, आणि मग एकेकाला तिचं नाक दिसत होतं. एका भाजीवालीने मला चांगलं फैलावर घेतलं, लेकराला काच म्हणतोस, लाज नाही वाटत? एवढं बोलून तिने पाटी डोक्यावर घेतली आणि माझ्यापुढे चालायला लागली. पूल संपेपर्यंत तीच ओरडत होती, काच आली, सरका.

पुलाच्या मध्यावर पाहुणी शिंकली. केवढ्यांदा! एवढुशा देहात एवढी शिंक कुठे होती कोण जाणे. सगळं अंग हललं, हात उडाले, दुपटं सुटलं. मी जागच्या जागी थिजलो. मागचे थांबले, पुढची भाजीवाली थांबली. आणि हिने ओठ चाटले, मान माझ्या दंडावर टेकवली आणि झोपून गेली. काही झालं नाही, ताई. काहीसुद्धा फुटलं नाही. मी तिथे उभ्या उभ्या रडलो, लोकांदेखत. लाज वाटली नाही.

तू विचारलं होतंस ना? मऊ आहे. भाजलेल्या पावाइतकी गरम आहे. डोकं कोपरात बरोबर मावतं. माझ्या खरखरीत हाताची तिला काही तक्रार दिसत नाही.

मिस्त्रींनी खोकं सीटवरून काढून घरी आणून दिलंय. बाण पुसलाय. त्यात सध्या दुपटी ठेवतो.

आता तुझा लोभ मागत नाही, तो मला मिळालाच आहे. तू ये.
धाकटा

ता. क. हे पत्र चौदालाच लिहून झालं होतं. पोस्टाची पेटी कोपऱ्यावरच आहे, दोन मिनिटांवर. पण तिथे जायचं तर हिला खाली ठेवावं लागतं, म्हणून आज अठरा तारीख उजाडली.