फुल्यांची यादी

२ मार्च, डुलूथ

पोचलो एकदाचा. सरोवर अजून गोठलेलंच आहे, पण ऊन लख्ख पडलंय आणि नोकरी अशी, की डोळे मिटून करावी. फर्न ही प्रोग्रॅमिंगची भाषा नव्याने शिकणाऱ्यांसाठी इथल्या संस्थेने एक यादी ठेवली आहे. पुस्तकं, व्हिडिओ, वेबसाइट्स, सगळी मिळून चारशे बारा. त्यातलं चांगलं तेवढं ठेवायचं, बाकीचं काढून टाकायचं. चारशे बारा! ज्याला चार ओळी चालवता आल्या, तो पाचव्या दिवशी गुरुजी होऊन बसतो. मी वीस वर्षं या भाषेत कोड लिहितोय. महिन्याभरात सगळा केर काढतो.

संचालिका मार्लिस हॉवलंड साठीची आहे आणि फार गोड बोलते. इथली पद्धत तिने समजावून सांगितली. प्रत्येक पुस्तकाचा पहिला धडा स्वतःच्या बोटांनी टाइप करून पाहायचा, कॉपी-पेस्ट चालणार नाही. मग छापील यादीवर लाल पेन्सिलीने बरोबरची खूण करायची नाहीतर फुली मारायची, आणि पुढे सही. म्हणाली, जाणकार माणूस आम्ही मुद्दाम घेतो, पण निवड शेवटी नवशिक्यालाच करावी लागते. मी मान डोलावली. असली सुभाषितं मी ऐकत नाही.

५ मार्च

सत्तेचाळीस धडे, सेहेचाळीस फुल्या. एक म्हणतो व्हेरिएबल म्हणजे डबा, दुसरा म्हणतो पाकीट, तिसऱ्याने तर कुत्र्याचं घर काढून दाखवलंय. उचलली जीभ आणि लावली टाळ्याला. खूण केली ती फक्त एका चोपड्यावर, याद्या क्रमाने कशा लावायच्या त्याच्या. तीही नाइलाजाने.

समोरच्या टेबलावर गॉर्डी सारी नावाचा म्हातारा बसतो. मी आल्यापासून एकाच पुस्तकाच्या अकराव्या पानावर बोट ठेवून आहे. आज विचारत होता, लूप म्हणजे नक्की काय हो? मी म्हटलं, तेच तेच काम परत परत करणं, म्हणजे तुम्ही. तोही हसला. घरून आणलेला हॉटडिश, इथला बटाटे-मांसाचा भाजलेला प्रकार, मला वाढला. माणूस भला आहे, डोक्यात मात्र काही नाही.

८ मार्च

रविवार. सिग्नेचा फोन. लेकीचं मिनिआपोलिसमधलं कॉलेजचं शेवटचं वर्ष. म्हणाली, असली पुस्तकं वाचण्यापेक्षा पेटवून द्या बाबा, थंडीचे दिवस आहेत. माझीच पोर!

मग तिने एक अडचण विचारली. स्वतःलाच बोलावणारं फंक्शन थांबवायचं कुठे? सोपी गोष्ट आहे. मी तोंड उघडलं आणि पुढे काही येईना. तीच म्हणाली, जाऊ द्या, दमलेले दिसताय. हा धडा मी शुक्रवारीच वाचला होता. भिकार होता. फुली मारली होती.

१० मार्च

फर्नचा मूळ कोड उघडला, म्हटलं उजळणी करू. निम्मा कळला नाही. अगदी वर, वीस वर्षांत मी कधी न वाचलेल्या पहिल्या ओळीत, ही भाषा ज्याने बनवली त्याचं नाव आहे.

गॉर्डी सारी.

मार्लिसला विचारलं. कॉफी ढवळत म्हणाली, गॉर्डीला एकही पुस्तक पसंत पडलं नाही.

११ मार्च

यादी घेऊन बसलो. ज्या ज्या धड्यावर फुली मारली, तो तो डोक्यातून गेलाय. ज्या एका चोपड्यावर खूण केली, तेवढं सगळं शाबूत आहे. दोनदा ताडून पाहिलं.

मार्लिसने नाकारलंसुद्धा नाही. म्हणाली, ज्याला येतं त्याला पायरी कुठे तुटली आहे ते दिसत नाही, म्हणून आधी खाली उतरवावं लागतं. ज्या पुस्तकातून तुम्ही परत वर चढाल, तेच यादीत राहील. निघून जायचं तर दार उघडं आहे, पण जे राहिलंय तेवढंच घेऊन जाल.

वीस वर्षं. याशिवाय मला दुसरं काही येत नाही. कोणी कधी दुसऱ्या कशासाठी मला विचारलंही नाही.

१३ मार्च

मग खुणा करत सुटावं, झालं! कोणीही शहाण्याने तेच केलं असतं. पेन्सिल घेतली. पहिलं पुस्तक उघडलं. कोडिंग म्हणजे जादूची कांडी, असं लिहिलंय. जादूची कांडी! आणि खाली उड्या मारणारा ससा.

हात वळेना. फुली मारली.

१७ मार्च

आता पुस्तकं आणखी खालची. फाइल म्हणजे काय. फोल्डर म्हणजे काय. अशांवर कागद नासायचा? फुली. फुली — थांबायला हवं होतं. काल लिहिलेलं कुठे ठेवलं ते सापडत नाही. ठेवायचं कसं, तेच —

म्हणून ही वही. हाताने.

२० मार्च

एक पुस्तक बरं वाटतंय. खूण करणार होतो. पण बरं आहे की नाही, हे मला कसं कळणार? मला काय कळतं आता?

गॉर्डी पानावरून मान वर करून माझ्याकडे बघत होता. त्याला माझी कीव आली. त्याला!

२२ मार्च

सिग्नेचा फोन. कोणतं बटण दाबून उचलायचा — मार्लिसने उचलून दिला. सगळं सांगितलं. एकेक. ती लहान मुलाशी बोलावं तसं सावकाश म्हणाली, बाबा, मी येते, मी शिकवते तुम्हांला.

नको म्हटलं. येऊच नकोस. ऐकते कुठे.

२५ मार्च

आली. खुर्ची ओढून शेजारी बसली. गॉर्डी अडलाय तेच अकरावं पान समजावलं. नाही समजलं. परत समजावलं.

मग पुस्तकावरच चिडली. म्हणाली, तुमचं काही गेलंबिलं नाही बाबा, ही पुस्तकंच टाकाऊ आहेत, असलं वाचून कोणाचंही डोकं बंद पडेल. मी सांगितलं, फुली मारू नकोस. हात जोडले. ती हसली. तुम्हीच शिकवलंत ना, म्हणाली, केराला केर म्हणायचं.

पेन्सिल तिच्याकडे —

मार्लिस कॉफी ठेवून गेली. दोन कप.

एक फुली. भराभर टाइप करते, पोर हुशार आहे. दुसरी. हसतेय. लेखकाच्या नावाला नावं ठेवतेय. मी हात धरला, तिने सोडवून घेतला. तिसरी. सातवी —

थांबली. पडद्याकडे बघतेय. आत्ताच तिने लिहिलेलं. बोट ठेवलंय ओळीवर. मला विचारतेय, बाबा, ही ओळ काय करते हो, मला आत्ता —

मला येत नाही, सिग्ने, मला —