कोटाचं दुसरं बटण

दादा,

चारला तुझा सत्कार, आणि तुझा कोट अजून माझ्या मांडीवर. तीनदा उठले, तीनदा बसले. काल सभेत तू म्हणालास, "आम्ही लढलो, बहिणीने घर सांभाळलं." सगळ्यांबरोबर मीही टाळ्या वाजवल्या. तेव्हापासून जिवाला चैन नाही.

स्वातंत्र्याच्या आदल्या वर्षी मी तुझ्या कोटाची बटणं सारखी बदलायची, आठवतं? "तुला दुसरा उद्योग नाही का?" म्हणून खेकसायचास. कापडाने मढवलेल्या त्या बटणांत चिठ्ठ्या असायच्या. शहरात मावशी "टाका सैल झालाय रे" म्हणत ती काढून घ्यायची. आम्हा बायकांचं टपाल तू वाहिलंस.

नाक्यावर पोलिसांनी तुझे खिसे उलटे केले, तो किस्सा अजून रंगवून सांगतोस. त्या दिवशी बटणात पुलावरच्या पहाऱ्याच्या वेळा होत्या. सापडल्या असत्या तर तू फासावर गेला असतास. तुला न विचारता मी तुझा जीव पणाला लावला. त्याची माफी मागायची होती; टाळ्यांचा राग नंतरचा.

पण तोंडावर कसं सांगू? म्हणून पातळ कागदावर बारीक लिहिलंय. घडी घालून दुसऱ्या बटणात बसवतेय.

भाषणात छातीवर हात मारायची तुला सवय आहे. आज जरा हळू मार.

तुझी,
घर सांभाळणारी बहीण