चुंबळ कुठे ठेवायची?

पेठ, मंगळवार संध्याकाळ

आज साइटवर सगळ्यांना हेल्मेटं वाटली. पुण्याच्या सेफ्टी ट्रेनिंगमध्ये आम्हा सुपरवायझरांना तसं बजावलंच होतं. घाटघरच्या हिराबाईंनी हेल्मेटवर चुंबळ, घमेल्याखालचं ते कापडाचं कडं, ठेवून पाहिली. घसरली.

"भाऊ, घमेलं कशावर ठिवू आता?"

मी म्हटलं, "राहू द्या, काढा ते."

दुपारी परांचीवरून अर्धी वीट सुटली आणि नेमकी त्यांच्या डोक्यावरच्या घमेल्यात पडली. रिकामं घमेलं हातात घेऊन, उघड्या डोक्यानं परत येत असत्या तर?

हेल्मेटवर चुंबळ कशी राहणार, हे मला ट्रेनिंगमध्येच सुचलं होतं. पण लोक हसतील म्हणून गप्प बसलो. का बसलो?

हिराबाई मान चोळत म्हणाल्या, "बरं झालं भाऊ, डोक्यावं घमेलं व्हतं."

मी वर बघितलं आणि माझ्याच हेल्मेटचा पट्टा आवळला.