आतल्या रेघेवर कात्री

३ मार्च, सोमवार

शाळेतल्या मास्तरांच्या कोटाच्या बाह्या कापताना चुकलो. खडूच्या दोन रेघा — आतली दुमडायची, बाहेरची कापायची. कात्री चालली आतलीवर. आता सोडायला कापडच उरलं नाही. निवृत्तीच्या समारंभाला घालायचा कोट, आणि कापड त्यांच्या मुलानं पहिल्या पगारातून आणलेलं.

४ मार्च, मंगळवार

मास्तर ट्रायलला आले. दोन्ही मनगटं उघडी. माझ्या तोंडून निघून गेलं, "हिनं माप चुकीचं लिहिलं."

ही शेजारीच ब्लाउजला हुक लावत बसली होती. मान वर केली नाही. मास्तरच म्हणाले, "असू दे वहिनी, होतं असं कधी कधी."

तेव्हाच सांगायला हवं होतं. मी नुसता टेप गुंडाळत राहिलो.

५ मार्च

ही दुकानात आली नाही. "घरी कामं आहेत," म्हणाली.

९ मार्च, रविवार

अजून येत नाही. ताट वाढते, विचारलं तेवढंच बोलते. माफी मागायची म्हणून दोनदा स्वयंपाकघरात गेलो. "काय हवं?" "पाणी." दोन्ही वेळा पाणी पिऊन परत.

१४ मार्च, शुक्रवार

आठवड्यात तीन शर्ट परत आले. काजं वाकडी, एकाची कॉलर एका बाजूला चढलेली. दूधवाला त्याचा शर्ट परत देताना म्हणाला, "मामा, लक्ष कुठंय तुमचं?" हात तेच, मशीन तेच. हिच्या अबोल्यानं चित्त थाऱ्यावर नाही, दुसरं काय!

१५ मार्च, शनिवार

मास्तरांच्या घरी जाऊन खरं काय ते सांगितलं. त्यांनी ऐकून घेतलं. "मला सांगून काय उपयोग? वहिनींना सांगितलंत?"

तसाच घरी आलो. ही तांदूळ निवडत होती. उभ्या उभ्याच म्हणालो, चूक माझी होती, खोटं बोललो.

"माहीत आहे," ती म्हणाली. "मी तिथंच होते ना." आणि पुन्हा तांदूळ निवडायला लागली.

१६ मार्च, रविवार

लेक माहेरी आलीय. तिला म्हटलं, आईची समजूत घाल, तिच्यावाचून कामात लक्ष लागत नाही माझं.

ती म्हणाली, "बाबा, लक्षाचं नाही ते. दोन वर्षं झाली, तुम्हाला नीट दिसत नाही. तुम्ही दुपारी जेवायला घरी आलात, की आई मागे दुकानात बसून तुमची काजं उसवून पुन्हा करायची."