शेवटच्या ओळीतलं नाव

३ फेब्रुवारी १९७४, रविवार

तातेरावावर पिक्चर निघून राह्यलाय! सरकारी. नाटकी न्हाई, खरा. मुंबईहून साहेब लोक येणार अन् त्याचे सुरुवातीचे दिवस दाखवणार — कुठं जन्मला, कुठं पहिल्यांदा गायला, सोबत कोण होतं. सरपंच काल शाळेत सांगायला आल्ते. हेडमास्तरांनी माझ्याकडं बोट केलं, म्हणाले, हे आमचे पुंजाराम मास्तर त्यांच्या गायनपार्टीत पेटी वाजवायचे.

पेटी वाजवायचे. बस, एवढंच.

घरी येऊन मालनला सांगितलं. ती भाकरी थापीत होती. मान वर न करता म्हणाली, "मंग आता तरी सांगा."

काय सांगा ते मला बराबर कळलं. सोळा सालांपासून तिचं हेच चालू आहे.

५ फेब्रुवारी

ही वही कोणी वाचत न्हाई. इथं तरी सरळ लिहितो.

गाणी माझी आहेत. छप्पनच्या दीक्षेनंतर तीर्थपुरीत आम्ही तिघांनी पार्टी काढली. तातेराव गायला, कडूबा ढोलकीला, मी पेटीला. लिहायचो मी. वाटूर, परतूर, पार जालन्यापर्यंत कुठं कुठं गेलो! पायी, बैलगाडीत, पेटी डोक्यावर घेऊन. अन् तातेरावाचा आवाज — ते खोटं कशाला बोलू — तसा आवाज पुन्हा ऐकला न्हाई.

आपल्या गाण्यांचा रिवाज असा की लिहिणाऱ्याचं नाव शेवटच्या कडव्यात येतं. पुस्तक छापायला कोणाकडं पैसा होता? नाव राह्यचं ते त्या एका ओळीत. 'दिवा घेऊन दारी आला पुंजाराम' — अशी माझी ओळ असायची. ती आली की बाया माझ्याकडं बघायच्या. आवडायचं मला. का न आवडावं?

अठ्ठावन्नला मास्तरकी लागली. कच्ची. तपासणीला आलेले एक साहेब म्हणाले, शिक्षकानं असल्या चळवळीच्या गाण्यात नाव घालायचं न्हाई, घरी बसशील. माझी तर पाचावर धारण बसली. त्याच दिवशी तातेरावाला म्हणालो, माझं नाव काढ, तुझं घाल, नोकरी पक्की होऊस्तोवर. दोन्ही नावं चार-चार अक्षरांची. चालीत कुठं अडलंच न्हाई. अडलं असतं तर बरं झालं असतं.

दोन सालांनी नोकरी पक्की झाली. तवर तो मुंबईला गेल्ता. रेकॉर्डी निघाल्या. नाव परत घाल म्हणून दोन पत्रं टाकली. जवाब न्हाई. तिसरं मी टाकलं न्हाई. भीक मागायची का आपल्याच नावाची?

९ फेब्रुवारी

ट्रंकेतून गाण्यांची वही काढली. पिक्चरच्या साहेबांना पुरावा दाखवू म्हणलं.

सत्तावीस गाणी. सत्तावीस ठिकाणी 'पुंजाराम'वर काट मारून वर 'तातेराव' लिहिलेलं. अक्षर कोणाचं? माझं! तपासणीच्या भ्यावानं मीच एका बैठकीत सगळी खोडली होती. विसरूनच गेल्तो. हा पुरावा माझ्या बाजूनं आहे का त्याच्या?

कडूबा असता तर साक्षीला उभा राह्यला असता. तो दुष्काळात खडी फोडायला गेला, तिथंच आजारी पडला, गेला.

१६ फेब्रुवारी

पोरांनी सतराचा पाढा चुकीचा म्हणला. मला पत्ता न्हाई. मी मनात साहेबांशी बोलून राह्यलो होतो.

२४ फेब्रुवारी, रविवार

गिरिजाबाई आली होती. तातेरावाची आई. दोन्ही डोळे अधू, भिंत धरत धरत येती. दर ऐतवारी ट्रान्झिस्टरवर लेकाचं गाणं लागतं का बघायला ती आमच्या ओट्यावर बसती. आज लागलं. शेवटच्या कडव्यात 'तातेराव' आलं की ती हात जोडती. दरवेळी जोडती.

सात सालं झाली, तो गावाकडं आला न्हाई. मनीऑर्डर येती कधीमधी. तो येत न्हाई, नाव तेवढं येतं. म्हातारी म्हणाली, "एवढा मोठा झाला, पण शेवटाला नाव सांगतो बघ. मायीला कळावं म्हणून."

मालन उठून आत गेली. मी ट्रान्झिस्टर बंद केला.

२ मार्च

झालं एकदाचं. आता आलो.

एक जीप, चार माणसं. डायरेक्टर साहेब तरणे आहेत, मऊ बोलतात, मला 'सर' म्हणाले. विहारासमोर सतरंजी टाकली. कोणाची तरी पेटी आणून माझ्यापुढं ठेवली — भाता फाटका, नुसती दाखवायला. चेहरा चमकतो म्हणून एकानं मला पावडर लावली. चाळिशी उलटलेल्या मास्तरला पावडर! माझ्याच वर्गातली पोरं खिदळून राह्यली होती. हेडमास्तर खुर्ची टाकून बसले होते. सरपंच होते. सगळं गाव होतं.

मी तयारीनं गेल्तो. पहिलं वाक्य पाठ केलं होतं — 'ही गाणी मी लिहिली, अन् नाव मीच काढायला लावलं.' म्हणजे त्याच्यावर आळ न्हाई, माझ्यावर पण न्हाई. मोप विचार करून बांधलं होतं वाक्य.

ऐन वक्तावर साहेबांनी गिरिजाबाईला माझ्या बाजूला आणून बसवलं. चित्र चांगलं दिसतं म्हणे. तिनं चाचपत माझ्या गुडघ्यावर हात ठेवला. साहेब म्हणाले, फिल्म महाग असते सर, थोडक्यात बोला. मंग विचारलं, "सुरुवातीची ही गाणी कोण लिहायचं?"

मी तोंड उघडलं. तेवढ्यात म्हातारी हळूच म्हणाली, "सांग बाबा. माझ्या लेकाचं सांग."

अन् मी म्हणालो, "तोच लिहायचा. मला काय येतंय? मी आपली पेटी वाजवायचो."

साहेब खूश. म्हणाले, फार छान, पुन्हा घ्यायची गरज न्हाई. मी वर बघितलं तर मालन घराकडं चालली होती.

३ मार्च

दुपारी मालन एकच बोलली. "नोकरीपायी एकदा खोडलं. काल कशापायी?"

मी म्हातारीचं सांगितलं. गुडघ्यावरच्या हाताचं सांगितलं. ती म्हणाली, म्हातारीचं मला पण कळतं. पण तुम्हाला बोलायचंच नव्हतं. म्हातारी न्हाई तर दुसरा कोणी बहाणा मिळाला असता.

मला राग आला. ताट सरकवून उठलो. आता लिहिताना राग न्हाई. हेडमास्तर समोर होते, सरपंच होते, अन् खरं सांगायचं तर तो तपासणीचा साहेब पण कुठंतरी माझ्या पोटात अजून बसलेला आहे. म्हातारी किती अन् भ्याव किती, मलाच उमजत न्हाई.

१९ मार्च

मनात आलं, म्हातारी गेल्यावर सांगू. असं मनात आलं अन् माझीच मला शिसारी आली.

१४ एप्रिल

जयंती. पोरांनी लाऊडस्पीकरवर माझी पाच गाणी लावली. पाचीच्या शेवटी तातेराव. जिलेबी वाटली. खाल्ली न्हाई.

११ ऑगस्ट

गिरिजाबाई परवा गेली. तापाचं निमित्त. शेवटचे दोन दिवस मालन तिच्याजवळच होती.

तार केल्ती. तातेराव आज आला, टॅक्सीनं. भोवती माणसांचा हा गराडा. केस पांढरे झाले, वाळला पण आहे. आईच्या झोपडीत जमिनीवर बसून लहान लेकरासारखा रडला. बाहेर निघताना मला बघितलं अन् गर्दीतून माझ्याकडं यायला लागला. काहीतरी बोलायचं होतं त्याला. मी तोंड फिरवलं अन् बांधाबांधानं घरी आलो. चौदा सालं तू बोलला न्हाईस, आता माझी पाळी — असं वाटलं. जरा वेळ बरं पण वाटलं.

१२ ऑगस्ट

बरं वाटत न्हाई.

१७ नोव्हेंबर

पिक्चर तयार झाला! शनिवारी सरकारी गाडी येणार, शाळेच्या मैदानात पडदा लावून दाखवणार. आसपासच्या खेड्यांतून पण लोक येणार.

मी ठरवलंय. म्हातारी आता न्हाई. नोकरी पक्की आहे, कोणी काढू शकत न्हाई. पिक्चर संपला की पडद्यासमोर उभं राह्यचं अन् सांगायचं — मी खोटं बोललो, गाणी माझी आहेत. हेडमास्तर हसू देत. तातेरावाला राग येऊ दे.

मालनला सांगितलं. तिनं लगेच माझा पांढरा शर्ट धुवायला काढला. किती दिवसांनी तिनं माझ्याकडं नीट बघितलं.

२१ नोव्हेंबर

बोलायचं पाठ करून राह्यलो. या खेपेला बिलकुल मागं हटायचं न्हाई.

२३ नोव्हेंबर

पिक्चर बघितला.

शेवटी शेवटी तातेराव आला. मुंबईतली खोली, एकटा बसलेला. सरळ समोर बघून म्हणाला, "ती गाणी माझी न्हाईत. पुंजारामानं लिहिली. त्यानं नाव परत मागितलं, मी दिलं न्हाई. हे पाप माझंच."

लगेच पडद्यावर मी. पावडर लावलेला. 'तोच लिहायचा. मला काय येतंय?'

मंग माहिती सांगणारा म्हणाला, असे हे दोन दिलदार दोस्त, एकमेकांना मोठेपणा देणारे. टाळ्या थांबेचनात. हेडमास्तर डोळे पुसत म्हणाले, एवढा मोठा गायक, पण किती नम्र माणूस!

मी उभा राह्यलो होतो. मालननं शर्टाचं टोक धरून मला खाली बसवलं. "बसा," म्हणाली. "आता कोणाला खरं वाटंल?"